मला बसवलंत, पण उन्हाचं काय करणार?

तालुका टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेच्या समस्त आयोजक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री साडेनऊला कॅप्टन लोकांच्या ग्रुपवर तुमचा मेसेज आला, की पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंना सुरक्षेच्या कारणास्तव यावर्षी मैदानात उतरवू नये, काही झाल्यास जबाबदारी टीमची. नाव कुणाचंच नव्हतं. पण सोळा टीम, दोनशेच्या वर पोरं, आणि त्यात पोटावर पिशवी लावून खेळणारा एकच, हे ग्राउंडच्या गेटवरच्या रसवंतीवाल्यालाही माहीत आहे, त्यामुळे नाव लिहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ग्रुप तुम्ही ‘ओन्ली ॲडमिन’ करून ठेवलाय म्हणून तिथे उत्तर देता आलं नाही. इथे सगळ्यांसमोर देतोय. राग आहे, नाही कशाला म्हणू, पण तुम्ही सगळे ओळखीचे आहात, अध्यक्ष दादांनी तर मला पहिली बॅट दिली होती, त्यामुळे शिवीगाळ करणार नाही आणि इतर कुणी कमेंटमधे करू नये.

आधी माझं सांगतो म्हणजे ज्यांना फक्त ‘पिशवीवाला’ एवढंच माहीत आहे त्यांना कळेल. २०१५ पासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. मोठ्या आतड्याला आतून जखमा, रक्त पडायचं, दिवसातून पंधरा-पंधरा वेळा संडास, स्टेरॉइडने तोंड एवढं सुजलेलं की आई म्हणायची आरशात बघू नको. सहा वर्षं सगळी औषधं करून झाली आणि नोव्हेंबर २०२१ मधे अख्खं मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणलंय, त्याला स्टोमा म्हणतात, त्यावर पिशवी. त्याला काही झडप नसते, त्यामुळे थांबवतो म्हटलं तर थांबवता येत नाही, पिशवी तिसरा हिस्सा भरली की जाऊन रिकामी करायची, एवढंच. बाकी मी चांगला आहे. ऑपरेशनआधी पन्नास किलो होतो, आता अडुसष्ट आहे. सुरुवातीचे काही महिने वजन उचलायचं नाही, पोटाला ताण द्यायचा नाही, हर्नियाची भीती असते, ते सगळं पाळलं आणि मग डॉक्टरांना विचारूनच परत बॅट धरली. तीन सीझन खेळलो तुमच्याच स्पर्धेत. तेव्हा मॅचेस सकाळी साडेसहाला सुरू व्हायच्या आणि साडेदहापर्यंत ग्राउंड रिकामं, मग संध्याकाळी पाचनंतर. तीन वर्षांत एकदाही मला काही झालं नाही. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गेल्या रविवारचं. आमची मॅच साडेनऊची होती. उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले, मग सत्कार, शाल-श्रीफळ, प्रत्येक देणगीदाराचं नाव दोनदा, आणि आम्ही टॉसला उभे राहिलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. मोबाईलवर ४४ दाखवत होतं. मी माझी दोन लिटरची बाटली घेऊन आत निघालो तर दोरीजवळ तुमच्या कार्यकर्त्याने थांबवलं, म्हणे आत फक्त स्पॉन्सरचं ड्रिंक, बाहेरची बाटली फोटोत येते. मी म्हटलं भाऊ यात ओआरएस आहे, माझं औषधासारखं आहे ते. तो पोरगा तरी काय करणार, त्याला वरून सांगितलेलं. बाटली दोरीबाहेर राहिली. पाचव्या ओव्हरनंतर मला पिशवी रिकामी करायला जायचं होतं तर अंपायर म्हणाले जा, पण बदली खेळाडू नाही मिळणार आणि यावर्षीच्या नियमाने बाहेर गेलेला माणूस परत आत येणार नाही. हा नियम म्हणे टीमा फिल्डर बदलत राहतात म्हणून केलाय. मी गेलो नाही. आठव्या ओव्हरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी पॉइंटला खाली बसलो. कॉमेंट्रीवाल्याने माईकवर सांगितलं, काका दमले वाटतं. लोक हसले. त्याचं मला काही नाही, चौतिसाव्या वर्षी टेनिस बॉलमधे काका म्हणणारच. पेंडॉलच्या सावलीत नेलं, पुतण्याने बाटली दिली, घोट घोट पीत बसलो, अर्ध्या तासात उठून उभा होतो.

आणि त्यावर तुम्ही उपाय काय काढला, तर मला बसवलं.

माझं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, सबमर्सिबल ड्राय चालते, वाइंडिंग जळतं, आणि शेतकरी ती मोटर माझ्या टेबलावर आदळून म्हणतो कंपनी फसवी निघाली. मोटर चांगलीच असते हो, विहिरीत पाणी नसतं. तुम्ही तेच केलंय.

आतडं काढलं म्हणजे नेमकं काय जातं ते सांगतो, कारण समितीतले एक सर मला म्हणाले की तुझं पचनच होत नसेल ना. पचन होतं. अन्नाचं पचन आणि त्यातलं सत्त्व घ्यायचं काम लहान आतडं करतं, ते माझं शाबूत आहे. मोठ्या आतड्याचं मुख्य काम म्हणजे उरलेलं पाणी आणि मीठ परत ओढून घेणं, दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पाणी ते शरीराला परत देतं. माझ्याकडे ती सोय नाही. माझ्या पिशवीतून रोज अर्धा-पाऊण लिटर, कधी लिटरभर पातळ जातंच, आणि त्यात मीठ बऱ्यापैकी असतं. त्याची भरपाई मी जेवणात जास्त मीठ घालून आणि ओआरएस पिऊन करतो. आपल्याकडे उलट सगळे ओरडतात मीठ कमी खा, माझी डॉक्टरीण ओरडते मीठ वाढव. भाताची पेज, केळी, ज्वारीची आंबील, हे माझं चालू असतं. घरात बसून असलो की हिशोब जुळतो. उन्हात पळायला लागलो की घाम सुरू होतो, आणि ४४ डिग्रीत पळणाऱ्या माणसाला तासाला लिटर-दीड लिटर घाम सहज जातो, मग दोन्हीकडून गळती. तुमच्या टाकीला एक नळ चालू, माझ्या टाकीला दोन. त्यात बाटली दोरीबाहेर.

अजून एक, जे फार लोकांना माहीत नसतं. मला नुसतं पाणी ढोसून चालत नाही. नुसतं पाणी लिटर-लिटर प्यायलं की ते आतड्यात मीठ ओढून घेतं आणि दोन्ही मिळून पिशवीत. आणि तुमच्या स्पॉन्सरचं ते निळं-पिवळं ड्रिंक तर त्याहून वाईट, कारण जास्त साखर आतड्यात पाणी खेचते, म्हणजे प्यायलो एक ग्लास आणि गेला दीड. खरं ओआरएस वेगळं असतं. डब्ल्यूएचओच्या २००२ च्या फॉर्म्युल्यात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट, एकूण साडेवीस ग्रॅमची पुडी. साखर आणि मिठाचं हे प्रमाण जमलं की आतडं पाणी नीट आत घेतं. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपली तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधे कालवून कॉलराच्या पेशंटना पाजलं आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले. त्याच पुडीला आपली पोरं ‘जुलाबाचं पाणी’ म्हणून हसतात. आणि तुमच्या बॅनरवर ड्रिंकच्या फोटोखाली ‘ओआरएस पॉवर’ लिहिलंय तेही काढा. डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला नसेल तर लेबलवर ओआरएस हा शब्द वापरायचा नाही असा आदेश एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मधेच काढलाय, हैदराबादच्या डॉक्टर शिवरंजनी संतोष त्यासाठी कित्येक वर्षं भांडल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आहे तर घरी बस ना बाबा, कशाला हट्ट. हे माझ्या सासऱ्यांनीही म्हटलं, प्रेमाने म्हटलं. त्यांना मी दोन माणसं सांगितली, तुम्हालाही सांगतो. अमेरिकेत रॉल्फ बेनिर्शके म्हणून त्यांच्या त्या अंगावर धावून जायच्या फुटबॉलमधला किकर होता, सॅन दिएगोच्या टीमचा. १९७९ मधे याच आजाराने त्याचं आतडं काढावं लागलं, मरता मरता वाचला, आणि १९८० च्या सीझनला परत मैदानात, पुढे कित्येक वर्षं खेळला. दुसरा तुमच्यातल्या मँचेस्टर युनायटेडवाल्यांना माहीत असेल, डॅरेन फ्लेचर. त्यालाही अल्सरेटिव्ह कोलायटिस, जानेवारी २०१३ मधे ऑपरेशन आणि त्याच डिसेंबरमधे परत मॅचला उतरला. मी काही त्यांच्या पंगतीतला नाही, माझी सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे आमदार चषकाच्या सेमीफायनलला एका ओव्हरमधे तीन विकेट. पण त्यांच्या क्लबांनी त्यांना ग्रुपवर मेसेज टाकून बसवलं नव्हतं.

आणि मुख्य मुद्दा माझा नाहीच आहे. मी सावलीत बसलेलो असताना त्याच रविवारी तिसऱ्या मॅचमधे एकोणीस वर्षांचा पोरगा, चांगला काटक, आतडी-बितडी सगळी जागच्या जागी, बॉलिंग करून बाउंड्रीला गेला आणि ओकला. त्याला ‘सकाळी नाश्ता जास्त झाला’ म्हणून सोडून दिलं. अंपायर काकांचं वय अठ्ठावन्न, ते सलग चार मॅच उभे होते, डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही असं आपल्याकडे आजीपासून ऐकतोय, पण आजी दुपारी बारा ते चार घराबाहेरही पडू द्यायची नाही, ते आपण सोयीने विसरलो. आणि बॉल आणून देणारी ती सातवी-आठवीतली पोरं, त्यांच्या पायात चपला होत्या का कुणी बघितलं? मी बघितलं, कारण मी सावलीत बसलेलो होतो. तिघांच्या नव्हत्या. माझं शरीर तुमच्यापेक्षा तासभर आधी बोंब मारतं एवढाच फरक. बोंब मारणाऱ्याला बाहेर काढलं की शांतता झाली असं तुम्हाला वाटतंय.

खारघरचं आठवा. १६ एप्रिल २०२३, पुरस्काराचा कार्यक्रम, लाखो माणसं उन्हात, १४ जण गेले. तिथे पारा अडतीसच्या आसपास होता, आपल्या अकोल्याकडे तेवढ्याला कुणी ऊनसुद्धा म्हणत नाही. तिथे दमटपणा होता हे खरं, पण ती माणसं बसलेली होती, पळत नव्हती. त्यानंतर दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नका असं सरकारलाच सांगावं लागलं. शेतमजूर बाया सकाळी सहाला वावरात जाऊन अकराला परत येतात. नागपुरात उन्हाळ्यात दुपारी काही चौकातले सिग्नल बंद ठेवतात की माणूस उन्हात उभा राहू नये. अख्ख्या विदर्भाला जे कळतं ते आपल्या टाईमटेबलला कळू नये? आणि फायनल टाकलीय ती नेमकी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी अडीचला, कारण पाहुण्यांना संध्याकाळी दुसरीकडे लग्न आहे.

तर माझ्या तक्रारी एकदा सरळ लिहितो. दुपारच्या मॅचेस लाईटचा खर्च वाचवायला ठेवल्या हे मला कळतं, जनरेटरचं भाडं मलाही माहीत आहे, पण बाईक बक्षीस द्यायला पैसे आहेत आणि लाईटला नाहीत हे पटत नाही. पाण्याची बाटली आत नेऊ न देणं हे तर कुठल्याच नियमात बसत नाही, स्पॉन्सर कोणीही असो. बाहेर गेलेला परत येणार नाही हा नियम फसवणाऱ्या टीमांसाठी केला आणि मार मला पडला, उद्या कुणाला जुलाब झाले तरी तेच होणार. संडासाबद्दल तर काय लिहू, पेंडॉलमागे एक पत्रा उभा केलाय आणि त्याला तुम्ही ‘सोय’ म्हणता, पाणी नाही, कडी नाही. मला पिशवी रिकामी करायला पाच मिनिटं, थोडं पाणी आणि बंद होणारं दार लागतं. घामाने पिशवीची चिकटपट्टी सुटायला लागते, तेव्हा अख्खी पिशवी बदलावी लागते, ती पत्र्यामागे उभं राहून बदलून बघा एकदा. शनिवारी मुलींची प्रदर्शनीय मॅच ठेवलीय, त्यांनी कुठे जायचं हे विचारलंत का कुणाला? आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो मेसेज टाकायच्या आधी मला एक फोन केला नाहीत. माझं दुकान ग्राउंडपासून चालत चार मिनिटांवर आहे, तुमच्यातल्या तिघांचे कूलरचे मोटर मीच भरून दिलेत याच महिन्यात.

मागण्या फार मोठ्या नाहीत.

सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेचार एकही मॅच नको, उद्घाटन लांबलं तर मॅच पुढच्या दिवशी, सत्कार कमी करा. फायनल संध्याकाळी घ्या, पाहुणे येतील तेव्हा येतील.

प्रत्येक पाच ओव्हरनंतर तीन मिनिटं पाणी. हे काही लाड नाहीत, २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपला ब्राझीलमधे कोर्टाने सांगितल्यावर फिफाने कूलिंग ब्रेक दिले, नेदरलँड्स-मेक्सिकोची मॅच त्यासाठी दोनदा थांबली होती, आणि तिथे करोडोंची जाहिरात चालू असते तरी थांबवली. ज्याला स्वतःची बाटली आणायची त्याला आणू द्या, लेबल झाकायचं असेल तर मी स्वतः चिकटपट्टी घेऊन येतो, माझ्याकडे वायरिंगची काळी टेप ढीगभर आहे.

अंपायरला सांगून तब्येतीसाठी किंवा संडाससाठी बाहेर गेलेल्या खेळाडूला परत येऊ द्या आणि तोपर्यंत बदली फिल्डर द्या. बदली माणसाने बॉलिंग-बॅटिंग करायची नाही, एवढं केलं की फसवणूक होत नाही.

कडी असलेला एक संडास, पाण्याचा ड्रम, मग. भाड्याने मिळतो.

पेंडॉलमधे खऱ्या ओआरएसच्या पुड्या, बर्फ, आणि ऊन लागलं तर काय करायचं हे माहीत असलेला एक माणूस. माणूस बडबडायला लागला, शुद्ध हरपायला लागली तर सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि लगेच १०८ ला फोन, शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. रविवारी त्या ओकणाऱ्या पोराभोवती दहा जण गर्दी करून वारा अडवून उभे होते.

अंपायर दोन मॅचनंतर बदला. पोरांना चपला-टोपी असल्याशिवाय बाउंड्रीवर उभं करू नका.

आणि तो मेसेज मागे घ्या. मला स्पेशल सवलत नको, रनर नको, सहानुभूतीचा सत्कार तर अजिबात नको (हे मुद्दाम लिहितोय कारण एकाने तसं सुचवलंय म्हणे, शाल देऊन बसवू). माझ्या डॉक्टरांचं पत्र आहे, त्यात खेळायला हरकत नाही असं लिहिलंय आणि भर दुपारी खेळू नये असंही लिहिलंय. दोन्ही वाक्यं वाचा. दुपारची मॅच असेल तर मी स्वतःहून बसेन, मला जगायची तुमच्यापेक्षा जास्त हौस आहे, सहा वर्षं संडासच्या दारात काढलीत मी. पण सकाळी सहाच्या गार हवेत मला बाहेर ठेवायचं कारण तुमच्याकडे नाही.

एक गोष्ट माझीही चुकली. पाचव्या ओव्हरला अंपायरने नाही म्हटल्यावर मी तिथेच सोडून जायला पाहिजे होतं, मॅच गेली खड्ड्यात. मी राहिलो कारण टीममधे आधीच दहा जण होते आणि कारण मला परत ‘आजारी’ व्हायचं नव्हतं लोकांसमोर. बायकोने घरी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जिल्ह्यात पिशवी लावलेली अजून माणसं आहेत, काही माझ्या दुकानात येतात, शटर अर्धं खाली ओढून हळू आवाजात विचारतात, भाऊ पळता येतं का, पोहता येतं का, लग्नात नाचता येतं का. मी सगळ्यांना हो म्हणतो. तुमचा मेसेज फिरत फिरत त्यांच्यापर्यंतही गेलाय, त्यातल्या एकाने, कॉलेजचा पोरगा आहे, काल फक्त स्क्रीनशॉट पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही. त्याला काय उत्तर देऊ ते मला अजून सुचलेलं नाही, तुमचं उत्तर आलं की तेच पाठवीन.

येत्या रविवारची आमची मॅच तुमच्या यादीप्रमाणे दुपारी एकची आहे. ती सकाळी साडेसहाला करायची असेल तर समोरच्या टीमच्या कॅप्टनशी मी बोललोय, त्याची तयारी आहे, त्यालाही बाराच्या उन्हात बॉलिंग टाकायची नाहीये. पिचवर पाणी मारायला माणूस मिळत नाही अशी तुमची अडचण असते दरवेळी, ती मी बघतो, दुकानातली पाऊण एचपीची मोटर आणि पन्नास फूट पाईप घेऊन साडेपाचला येतो. फक्त गेटची चावी कुणाकडे असते ते कळवा.

आपलाच,
सात नंबरची जर्सी

ता.क. टीमची एंट्री फी मागायला हे लिहिलेलं नाही, कुणीतरी तसं बोललं म्हणून सांगतो. माझ्या वाटणीचे दोनशे रुपये त्या संडासच्या भाड्यात धरा.